गावच्या घराला भुंगा लागला तर: वाशांपासून लाटण्यापर्यंत

मे महिन्यात गावी पोचावं, कुलूप काढावं, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि ओटीवरच्या झोपाळ्याखाली पिवळसर पिठाची चिमूटभर रास दिसावी. झाडून टाकली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढीच पुन्हा. मग मान वर जाते. वाशांच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात, आणि संध्याकाळपर्यंत शेजारचा कोणीतरी निकाल देऊन जातो: "लाकूड गेलं तुमचं. सगळं काढा, लोखंडी पाइप घाला, वर पत्रा."

हा सल्ला ऐकून कोकणातली कितीतरी धडधाकट छपरं उतरवली गेली आहेत. आमच्याकडेही पडवीचे वासे असेच काढायला निघाले होते. सुताराने एक वासा खाली घेऊन कापला तेव्हा वरचं बोटभर लाकूड भुसभुशीत निघालं आणि आतला गाभा करवतीला ऐकेना. तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. औषध, सुतार, ठेकेदार हे सगळं नंतर; आधी लाकडात टोचून बघा.

आधी ओळख: हा भुंगाच आहे का?

गावात "भुंगा" हा शब्द चार-पाच वेगवेगळ्या प्राण्यांसाठी वापरतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा, म्हणून इथे घाई नको.

एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली टाल्कम पावडरीसारखं मऊ पीठ, बोटांत चोळलं तर कण लागतच नाहीत: हा बारीक भुंगा. शास्त्रीय नाव लिक्टस. याची अळी आतलं लाकूड खाऊन त्याचं पीठ करते आणि मोठी झाली की भुंगा होऊन भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे भोक हा बाहेर पडण्याचा दरवाजा. आपल्याला भोक दिसतं तेव्हा ती अळी आपलं काम उरकून गेलेली असते. याचेच थोरले भाऊबंद तीन ते सहा मिलिमीटरची भोकं पाडतात आणि त्यांचा भुसा जरा खरखरीत असतो. बांबूच्या काठ्या, आंब्याच्या फळ्या आणि सालीसकट ठेवलेलं सरपण ही त्यांची आवडती ठिकाणं.

भोक लांबट, गव्हाच्या दाण्याच्या आकाराचं किंवा त्याहून मोठं असेल, आणि रात्रीच्या शांततेत लाकडातून कुरकुर ऐकू येत असेल तर तो लांब मिशांचा भुंगा. हा सुकलेल्या लाकडात वर्षानुवर्षं राहतो आणि खूप आतपर्यंत जातो. सागवानालाही सोडत नाही. असा एखादा वासा सापडला तर तो सुताराला दाखवाच.

पिठाऐवजी खसखशीसारखे सुटे, कडक दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी. लाकडावर किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या चढल्या असतील तर जमिनीतली वाळवी. तिचा इलाज पायापासून आणि ओलीपासून सुरू होतो, या लेखातल्या ब्रशाने ती जायची नाही. उलटंही तितकंच खरं आहे. वाळवीसाठी जमिनीत ड्रिल मारून औषध भरलं तर छपरातल्या भुंग्याला त्याची खबरही लागत नाही. आमच्याकडे एका माणसाने जमिनीला भोकं पाडून चांगलं बिल लावलं होतं. पुढच्या गणपतीत पीठ पडायचं तसंच पडत होतं.

आणखी दोघांना उगीच शिक्षा होते. वाशाच्या खालच्या अंगाला बोट जाईल एवढं स्वच्छ गोल भोक आणि आसपास घोंघावणारा काळा कुळकुळीत भुंगा: ही खरं म्हणजे एकटी राहणारी मोठी मधमाशी आहे. ती लाकूड खात नाही, त्यात घर करते, आणि बागेतल्या फुलांच्या परागीभवनाचं मोठं काम करते. घर रिकामं झालं की लाकडी खुंटी ठोकून भोक बुजवा, औषधाची गरज नाही. दुसरं म्हणजे काळ्या कडांची बारीक भोकं, ज्यातून काहीच पडत नाही. ती झाड ओलं असताना लागलेल्या किड्याची असतात. लाकूड वाळलं तेव्हाच तो किडा संपला. त्यांना हातही लावू नका.

जिवंत की जुना?

पीठ पडतंय म्हणजे भुंगा जिवंत आहेच असं नाही. वीस वर्षांपूर्वी संपलेल्या किडीचं पीठ बोगद्यांत अडकून राहतं आणि माळ्यावर कोणी चाललं, दार आपटलं की खाली गळतं. म्हणून परीक्षा घ्यावी लागते.

वासा कोरड्या ब्रशाने झाडून घ्या, भोकांतलं पीठ निघेल तेवढं काढा. मग एका जागी, साधारण हातभर लांबीत, जुन्या वहीचा कागद खळीने घट्ट चिकटवा आणि त्यावर पेन्सिलीने तारीख घाला. अशा पाच-सहा पट्ट्या वेगवेगळ्या वाशांवर लावा. खाली काळं कापड किंवा गडद कागद पसरा. भुंगे बहुतेक उष्ण दिवसांत बाहेर पडतात, तेव्हा मार्चमध्ये लावलेली पट्टी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला बघावी. कागदाला आतून भोक पडलं असेल तर वस्ती आहे. कागद शाबूत असेल तर अजून एक उन्हाळा थांबायला हरकत नाही. नवीन भोकाची कड ताज्या लाकडासारखी फिकट दिसते, जुन्या भोकात धूळ आणि काजळी बसलेली असते, हेही लक्षात ठेवा.

मग टोचणी

लागतात तीन वस्तू: जाड दाभण किंवा पेचकस, लाकडी हातोडी आणि खडू. आढ्यापासून सुरुवात करा, मग वासे, तुळया, खांब, शेवटी चौकटी. हातोडीने ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तर तिथे पेचकस दाबा. भिंतीत शिरणारी टोकं आणि कौलं गळतात त्याखालची जागा विशेष बघायची. चिऱ्याच्या भिंतीत पावसाचं पाणी मुरतं आणि तुळईचं डोकं आतल्या आत कुजतं. बाहेरून रंग झक्क असतो.

लाकडाच्या दोन भागांतला फरक इथे कळायला हवा. झाडाच्या खोडात सालीलगतचा पांढरट भाग असतो, त्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च साठलेला असतो. लिक्टसला तेच हवं असतं. आतला गडद गाभा त्याच्या कामाचा नाही. सागाचा, फणसाचा, ऐनाचा गाभा तो सोडून देतो. जुन्या सुतारांनी वासे तासताना एखाद्या कडेला पांढरा भाग राहू दिलेला असतो आणि नेमकी तेवढीच कड भोकांनी भरते. आंबा, सावर, रबराचं लाकूड यांत मात्र असा वाचवणारा गाभा नसतोच म्हणायला हरकत नाही. तिथे आरपार चाळण होते.

पेचकस अर्धा-पाऊण इंच गेला आणि मग कडक लाकडाला लागला, तर वाकसाने ती भुसभुशीत कड तासून टाका. उरलेलं लाकूड मोजा. जाडीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गेला असेल तर त्याच्या शेजारी बरोबरीचा जोडवासा घालून दोन्ही बोल्टने आवळावेत. हा माझा आणि आमच्या सुताराचा अंदाज आहे. तुळई, आढं किंवा खांब असेल तर अंदाजावर जाऊ नका, जाणकार माणूस आणा. आणि काहीही सोडवण्याआधी खाली टेकू. कौलांचं वजन किती असतं ते खाली पडल्यावरच कळतं. कापलेले, तासलेले तुकडे पडवीत रचून ठेवायचे नाहीत, त्याच दिवशी चुलीत किंवा न्हाणीच्या बंबाखाली घालायचे.

औषध

सगळ्यात सोपं, बिनवासाचं आणि छपराखाली टिकणारं औषध म्हणजे बोरॉनचं पाणी. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अ‍ॅसिड, दोन्ही पावडरी रसायनांच्या दुकानात किलोवर मिळतात. प्रमाण वजनाने साधारण दीडास एक. दहा लिटर पाण्यासाठी 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. तीन-चार लिटर पाणी चांगलं कढत करून आधी टाकणखार विरघळवा, मग बोरिक, ढवळून झालं की उरलेलं पाणी घाला. थंड झाल्यावर तळाला खडे बसले तर पुन्हा कोमट करा. चिमूटभर रंग टाकला तर कुठे हात फिरला आणि कुठे राहिला ते कळतं. फक्त दर्शनी लाकडावर रंग नको.

दहा फुटी वाशाच्या उघड्या बाजूंना तीन हात द्यायचे तर अर्धा ते पाऊण लिटर जातं. तीस वाशांच्या घराला वीस लिटर धरून चाला.

आता क्रम.

एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये काम काढा. लाकूड तेव्हा सगळ्यात कोरडं असतं आणि तहानलेल्या जमिनीसारखं पाणी ओढतं. जुलैत तेच औषध वरून ओघळून जातं.

सगळं वायरिंग मुख्य स्विचपासून बंद करा. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी वाशांवरूनच जातात आणि तुम्ही पाणी मारणार आहात.

काजळी, जळमटं, ऑइलपेंट, वॉर्निश काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे इथेच कामचुकारपणा करतात. पाण्यातलं औषध रंगाच्या थराखाली जात नाही. रंगावरून ब्रश फिरवणं म्हणजे रेनकोटवरून अंघोळ. चुलीच्या धुराचा चिकट थर असेल तर तारेच्या ब्रशाने घासून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या.

मग सिरिंज. दहा किंवा वीस मिलिलिटरची, जाड सुईची. जिथे भोकं दाट आहेत तिथे दर दोन-तीन इंचांवर एका भोकात औषध भरा. आतले बोगदे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे इकडे दाबलं की फूटभर लांबच्या भोकातून चिळकांडी उडते, आणि तुम्ही खाली मान वर करून उभे असता. चष्मा पाहिजेच, साधा नव्हे, कडेने बंद असलेला.

त्यानंतर रुंद ब्रशाने भरपूर हात द्या. पहिला हात शोषला गेला की ओलसर असतानाच दुसरा, मग तिसरा. वाशांची कापलेली टोकं, खाचा, सांधे, खिळ्यांची भोकं इथे ब्रश टेकवून ठेवा. लाकूड टोकाकडून सर्वात जास्त पितं. सुटी फळी किंवा चौकट असेल तर नंतर दोन-तीन दिवस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, म्हणजे ओल टिकते आणि औषध आत सरकत राहतं. मग सावलीत वाळवा.

हातमोजे आणि मास्क लावा. मिश्रण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. गोठ्यात गुरं चाटतील अशा लाकडाला हे लावायचं नाही. उरलेलं पाणी माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात ओतू नका; झाडाला बोरॉन कणभर लागतो, जास्त झाला की पानं करपतात. विहिरीपासूनही लांब. शक्य तर पुढच्या वाशाला वापरून संपवा.

बोरॉनची एक मर्यादा आहे, पावसाने तो धुऊन जातो. म्हणून कुंपणाचे खांब, उघड्या पडवीचे बाहेरचे वासे, पागोळ्या झेलणाऱ्या पट्ट्या यांना तेलातलं तयार औषध बरं. हार्डवेअरच्या दुकानात भुंग्या-वाळवीसाठी डब्यात मिळतं. ते कोरड्या लाकडात पटकन शिरतं, पण पेट घेतं आणि वास आठवडाभर जात नाही. चूल, समई, उदबत्ती, विडी सगळं बंद ठेवूनच लावायचं. एकाच लाकडाला दोन्ही द्यायची असतील तर आधी बोरॉन, पूर्ण वाळल्यावर तेल. उलट केलं तर बोरॉन आत जाणारच नाही.

औषध लावल्यावर पुढच्या उन्हाळ्यातही दोन-चार नवी भोकं पडतील. घाबरू नका. खोल बसलेल्या अळीपर्यंत औषध लगेच पोचत नाही. ती बाहेर येताना वरचा थर कुरतडते तेव्हा मरते, किंवा बाहेर पडलीच तर तिच्या पुढच्या पिढीला ते लाकूड पचत नाही. अळी काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत आत राहू शकते. तिसऱ्या उन्हाळ्यातही कागदाला भोकं पडत असतील तर कुठेतरी कोपरा राहिला आहे असं समजा.

हे करू नका

रॉकेल आणि जळकं ऑइल. रॉकेल उडून जातं, आतल्या अळीला त्याचा फारसा फरक पडत नाही, आणि छप्पर मात्र पेटायला सोपं होतं. जळक्या ऑइलवर नंतर कुठलाच रंग बसत नाही. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि खांबांना लावायची जुनी रीत आहे आणि ते काम करतंही, पण कातडी जळते. घरात, डोक्यावरच्या वाशाला ते मी लावणार नाही.

माळ्यावर जुने डबे सापडले तर उघडू नका. गॅमेक्सिन पावडर एके काळी प्रत्येक घरात होती. तिच्यावर भारतात 1997 मध्ये बंदी आली आणि तिच्यातलाच मुख्य विषारी घटक असलेल्या लिंडेनचा वापर 2013 पासून बंद झाला. "आजोबांच्या वेळचं जालीम औषध" म्हणून ते वाशांवर भुरभुरवणारे अजून भेटतात.

आणि धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या. त्यांचा वायू झोपेत माणसं मारतो. राहत्या घरात धुरी देण्याचं काम परवानाधारक माणसाचंच आहे, आणि तेही घर रिकामं करून.

लहान वस्तू

पाट, लाटणं, रवी, देव्हारा, बाहुल्या, खेळणी यांना विष लावायची गरज नसते. लाटण्यासारखी न जोडलेली, न रंगवलेली वस्तू पंधरा-वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि सावलीत सावकाश वाळवा. उन्हात ठेवलं तर तडकेल. फ्रीझरमध्ये मावणारी वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे गोठवा आणि पिशवी न उघडता खोलीत एक दिवस ठेवा. सावंतवाडीची जुनी खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची असतात, भुंग्याला ती फार आवडतात. त्यांचा रंग पाण्याने जातो, म्हणून त्यांना फ्रीझरच बरा.

खुर्ची, पेटी, घडवंची अशा मध्यम वस्तूंना मेचं ऊन उपयोगी. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कातळावर किंवा गच्चीवर दुपारभर ठेवा, बाजू पालटा, तीन-चार दिवस असंच करा. लाकडाचा गाभा 55 अंशांच्या वर काही तास राहिला तर अळी मरते. जाड लाकडात एवढी उष्णता आत पोचत नाही, आणि सरसाचे सांधे, शिसवीची जडावाची कामं, आरसे यांना मात्र ऊन दाखवू नका.

पुन्हा लागू नये म्हणून

आजीच्या काळात भुंगा नव्हता असं सगळे म्हणतात. थोडं खरं आहे. चुलीचा धूर रोज छपरातून जायचा, वासे कोरडे राहायचे, त्यांवर काजळीचा थर चढायचा, आणि घरात माणूस असायचा. आता गॅस आहे, घर दहा महिने बंद आहे, आणि मधल्या काळात डागडुजीला आंब्याची नाहीतर पांढऱ्या भागाची स्वस्त फळी ठोकलेली आहे. पुष्कळदा भुंगा त्या एका फळीतून किंवा शहरातून आणलेल्या नव्या पलंगातून येतो. म्हणून पहिला संशय जुन्या वाशावर नव्हे, नव्या लाकडावर घ्यावा.

नवीन लाकूड वखारीतून घेताना कडेचा पांढरा पट्टा कापून मागा. सुतार "वाया जातं" म्हणेल, जाऊ द्या. बसवण्याआधी सहाही बाजूंना बोरॉन द्या, कारण बसवल्यावर रिपेखालची आणि भिंतीतली बाजू कधीच हाताला लागत नाही. वाळल्यावर वॉर्निश किंवा रंग. लिक्टसची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, ती बुजली की तिला जागा नाही. पण मोठा भुंगा वॉर्निश पोखरूनही शिरतो, म्हणून नुसत्या वॉर्निशवर विसंबू नका. प्लायवुड घ्यायचंच असेल तर आयएस 710 (मरीन प्लायवुडचा) शिक्का बघून.

बांबूची काठी पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेली घ्या, तेव्हा तिच्यात स्टार्च कमी असतो. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावी असं जुनी माणसं सांगतात; मी तेही पाळतो, फुकट आहे. तोडल्यावर तीन-चार आठवडे वाहत्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली दाबून ठेवलेली काठी वर्षानुवर्षं टिकते. पऱ्ह्या आटला असेल तर चिरलेल्या कामट्या बोरॉनच्या पाण्यात चार-पाच दिवस बुडवा.

सरपण पडवीत, भिंतीला लागून, सालीसकट रचू नका. काजूची, आंब्याची, अकेशियाची ओंडकी म्हणजे भुंग्यांची पाळणाघरंच. घरापासून लांब, जमिनीपासून वर, आणि एका वर्षात संपेल इतकंच.

किल्ली ज्या शेजाऱ्याकडे आहे त्याला महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगा. फुटकी कौलं वैशाखातच बदला. आणि कागदाच्या त्या पट्ट्या काढून टाकू नका. गणपतीला मखर बांधायला शिडी लावलेलीच असते, तेव्हा वर जाऊन तारखा वाचा आणि नवं भोक असेल तर त्याभोवती खडूने गोल काढून ठेवा.